‘वजन कमी करा’च्या पुढे काय? लठ्ठपणाचा उपचार कुठे अडतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय असायला हवं

23 फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात मौंजारो नावाचं वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं. तेव्हापासून वजनाचा विषय लग्नाच्या पंगतीतही निघतो. एका ठिकाणी मात्र तो अजून धड निघत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे दवाखाना.

सोलापुरातला नेहमीचा प्रकार बघा. बीपीची गोळी चालू आहे, शुगरची चालू आहे, गुडघ्यासाठी मलम आहे. केसपेपरवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वजन नसतं. उठताना डॉक्टर म्हणतात, “वजन जरा कमी करा.” अशी तीन-चार वर्षं जातात. मग एक दिवस ऐकू येतं, “पुण्याला एकदा दाखवून घ्या.” हातात चिठ्ठी असते, तिच्यावर एक ओळ. अडीचशे किलोमीटर, एक दिवसाची मजुरी, सोबतीला माणूस, आणि तिथे गेल्यावर पहिल्यापासून सगळ्या तपासण्या. बरेच जण जातच नाहीत. जे जातात त्यांचं पुढे काय झालं, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांना कळत नाही.

एका डॉक्टरांनी पेशंटला त्या विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे कागदपत्रांसह पाठवणं, याला रेफरल म्हणतात. आपण त्याला सरळ चिठ्ठी म्हणू. लठ्ठपणाच्या उपचारातला मोठा अडथळा औषध नसणं हा राहिलेला नाही. विषय वेळेवर निघत नाही आणि चिठ्ठी अर्धवट जाते, हे खरे अडथळे आहेत.

आधी मोजमाप नीट करू

लठ्ठपणा मोजायचं जुनं माप म्हणजे बीएमआय. वजन किलोत घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची 158 सेंटिमीटर आणि वजन 84 किलो असेल तर 84 भागिले (1.58 × 1.58), म्हणजे साधारण 33.6. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने 25 च्या पुढे जादा वजन आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी डॉक्टर 23 आणि 25 हे आकडे वापरतात, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि ती पोटाभोवती जास्त साठते.

म्हणून कंबरेचं माप बीएमआयइतकंच महत्त्वाचं. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 सेंटिमीटर ही सीमा. हे माप पॅंटच्या पट्ट्यावर किंवा परकराच्या नाडीवर घ्यायचं नसतं. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये, उभं राहून, साधा श्वास सोडल्यावर टेप लावायचा. टेप टेकलेला हवा, रुतलेला नको. पॅंटचा नंबर 36 आहे म्हणून कंबर 36 इंच असं समजणाऱ्यांचं माप बऱ्याचदा दोन-तीन इंचांनी चुकतं, कारण पॅंट पोटाच्या खाली घातलेली असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के बायका आणि 22.9 टक्के पुरुष बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त असलेले आढळले. चौघांत एक म्हणा.

जानेवारी 2025 मध्ये तज्ज्ञांनी या व्याख्येत एक महत्त्वाची भर घातली. नुसता आकडा न बघता त्या चरबीने शरीराचं काही बिघडवलंय का ते बघा, असं आंतरराष्ट्रीय आयोगानेही सांगितलं आणि भारतीय डॉक्टरांच्या गटानेही. धाप लागते का, गुडघे चालू देतात का, झोपेत श्वास अडतो का, लिव्हरला सूज आहे का. उत्तर हो असेल तर तो उपचार करायचा आजार आहे. सगळी उत्तरं नाही अशी असतील तर तो धोका आहे, लक्ष ठेवायचं.

“तोंडाला आवर घातला की झालं, यात डॉक्टर कशाला?”

हा आक्षेप घरातून येतो, शेजारून येतो आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातूनही येतो. त्यात अर्धं तथ्य आहे. खाण्यात आणि हालचालीत बदल केल्याशिवाय कुठलाच उपचार टिकत नाही. पण घटलेलं वजन परत का चढतं, हे या आक्षेपातून समजत नाही.

घरातली आवक घटली की बाई खर्च आवरते. दूध अर्धा लिटर कमी, दिवा लवकर मालवायचा. शरीर नेमकं हेच करतं. खाणं कमी झालं की दुष्काळ पडला असं समजून ते जळण वाचवू लागतं आणि भुकेची हाक वाढवतं. ऑस्ट्रेलियात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देऊन लोकांचं वजन उतरवलं. वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारी हार्मोन्स चढलेली आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली होती. माणूस आळशी झाला म्हणून वजन परत आलं असं म्हणणं त्यामुळे अन्यायाचं ठरतं. त्याचं शरीर वर्षभर त्याच्याविरुद्ध ओढत असतं.

बीपी असलेल्या माणसाला आपण “मन शांत ठेवा” एवढंच सांगून घरी पाठवत नाही. गोळी देतो, महिन्याने बोलावतो, कमी-जास्त करतो. लठ्ठपणालाही तीच शिस्त लागते.

शिवाय ध्येय लोकांना वाटतं तेवढं मोठं नसतं. वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरले तरी बीपी आणि शुगरवर परिणाम दिसतो. 84 किलोच्या बाईसाठी हे चार ते साडेआठ किलो झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटाला सात टक्के वजन उतरवण्याचं ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. ‘लग्नातलं वजन परत आणा’ असं सांगितल्यावर माणूस पहिल्या महिन्यातच हरतो. ‘सहा महिन्यांत पाच किलो’ हे पेलवतं.

विषय निघतच नाही

2019 मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे, 11 देशांतली. भारत त्यात नव्हता, पण वाचताना आपलीच ओपीडी डोळ्यांपुढे येते. लठ्ठपणाचा आजार असलेल्या 14,502 लोकांना आणि 2,785 डॉक्टर-नर्सना प्रश्न विचारले. ‘पेशंटला वजन कमी करण्यात रस नाही’ असं 71 टक्के डॉक्टर-नर्सना वाटत होतं. प्रत्यक्षात रस नाही म्हणणारे लोक सात टक्के होते. वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून डॉक्टरांशी पहिल्यांदा बोलणं होईपर्यंत सरासरी सहा वर्षं गेली होती.

डॉक्टरांना वाटतं, विषय काढला तर पेशंट दुखावेल. पेशंटला वाटतं, गंभीर असतं तर डॉक्टर बोलले असते. मध्ये सहा वर्षं.

आपल्याकडे यात आणखी भर पडते. सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. मांडीवर सूप घेऊन ती सकाळपासून एका जागी बसते, त्यामुळे वजन वाढतं. दवाखान्यात गेलं की बिड्या पडतात, म्हणून ती फक्त दुखणं असह्य झाल्यावर जाते. तिच्या घरात तेलुगू बोलतात, आहाराचा छापील कागद इंग्रजीत असतो आणि त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. तो कागद देवघराच्या फळीवर जातो.

तिला उपयोगी पडेल असा सल्ला तिच्या ताटातूनच निघायला हवा. ज्वारीची भाकरी आहे तशी राहू द्या, तीन असतील तर दोन करा. 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण 200 कॅलरी असतात. शेंगाचटणी हा आपला जीव, ती बंद करा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे जवळपास आणखी एक भाकरी, आणि वरून तेल घातलं तर तिच्याहून जास्त. म्हणून चटणी एक छोटा चमचा, वरून तेल न घालता, आणि तिच्या जागी वाटीभर मटकी किंवा डाळ. तेलाचा हिशोब महिन्याने करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी दिवसाला 38 ग्रॅम होतं. ते तीन-साडेतीन लिटरवर आणायचं. चालायला सिद्धेश्वर तलावाचा काठ चांगला आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. तेव्हा सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातच. तासभर बसलं की पाच मिनिटं उठायचं, हे बिडीकामातही जमतं.

विषय काढायचा कसा? परवानगी मागून. “ताई, आज वजनाबद्दल दोन मिनिटं बोलू का?” या एका वाक्याने समोरच्या बाईची मान खाली जात नाही. “जिभेवर ताबा ठेवा” म्हटल्यावर ती पुढच्या वेळी काट्यावर चढायचंच टाळते. पेशंटनेही थांबून राहू नये. आत गेल्यावर पहिल्याच मिनिटाला सांगा, “डॉक्टर, मला वजनासाठीच दाखवायचंय.” उठता उठता काढलेल्या विषयाला उठता उठता केलेलाच उपचार मिळतो.

दवाखान्यातल्या वस्तू आडव्या येतात

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर. बीपी मोजायचा पट्टा घ्या. त्याच्या आतला फुगा दंडाच्या घेराच्या 80 टक्के भाग वेढेल एवढा लांब हवा. नेहमीचा पट्टा साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. दंड 35 ते 44 असेल तर मोठा पट्टा लागतो, त्याहून जाड असेल तर आणखी मोठा. छोटा पट्टा जाड दंडाला लावला की आकडा खोटा चढतो. 2023 च्या एका अभ्यासात, सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्या लोकांना नेहमीचा पट्टा लावला तेव्हा वरचं बीपी सरासरी 19.5 ने जास्त आलं. म्हणजे 128 चं बीपी 147 दिसतं आणि न लागणारी गोळी सुरू होते. छोट्या पट्ट्याची आणखी एक खूण असते. फुगवताना वेल्क्रो चर्रकन सुटतो आणि सगळे त्या माणसाकडे बघतात.

तसाच काटा. बरेच काटे 120-130 किलोपर्यंतच मोजतात. पुढे ‘एरर’ येतं आणि केसपेपरवर वजनाची जागा कोरी राहते. बिनहाताची भक्कम खुर्ची, रुंद तपासणी टेबल, जास्त क्षमतेचा काटा आणि मोठा पट्टा एवढं कुठल्याही गल्लीतल्या दवाखान्याला परवडतं. काटा आडोशाला ठेवावा आणि आकडा मोठ्याने सांगू नये. त्याला तर खर्चही नाही.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

वजन वाढण्याचं कारण कधी कधी औषधांच्या पिशवीतच असतं. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन, मनाच्या आजारासाठी ओलान्झापिन, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, आणि दमा-संधिवातासाठी स्टिरॉइड. यांनी वजन वाढू शकतं. यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. स्टिरॉइड एकदम थांबवलं तर जीवावर बेततं. पण “यातल्या कशाने वजन वाढतं का आणि पर्याय आहे का?” हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारायचा.

गुडघेदुखीवर बिनानावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. पुडी घेतली की दुखणं जादूसारखं थांबतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं आणि हातपाय बारीक राहतात. ती पुडीही पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. तसंच टीएसएच ही थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्यावी, पण वीस किलो थायरॉइडमुळे वाढले असं सहसा नसतं.

“शुगर नॉर्मल आहे, मग पाठवायचं कशाला?”

प्रत्येकाला पाठवायचं नसतंच. बहुतेकांचा उपचार गल्लीतल्या डॉक्टरांकडेच व्हायला हवा. महिन्याला वजन-कंबर, तीन-तीन महिन्यांचं ध्येय, आहारतज्ज्ञांची एखादी भेट. सहा महिने हे नीट करून पाच टक्केही उतरले नाहीत, तर पुढची पायरी.

काहींना मात्र सहा महिने थांबवणं चूक. झोपेत घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं हा पहिला गट. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाची वाट मिटते आणि रात्रभर शरीराला प्राणवायू अपुरा पडतो. असा माणूस ट्रक किंवा एसटी चालवत असेल तर तो इतरांसाठीही धोका आहे. मान 40 सेंटिमीटरहून जाड, बीएमआय 35 च्या पुढे, वय 50 च्या पुढे, बीपी, घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं आणि पुरुष असणं, या आठपैकी तीन खुणा असल्या तरी झोपेची तपासणी करावी.

पोटाच्या कातडीवर जांभळे रुंद पट्टे आणि मांड्यांची ताकद गेलेली असेल तर हार्मोन्सचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. डोकेदुखीसोबत अंधूक दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. पाळी तीन-चार महिने येत नसेल, दिवस राहत नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर फिजिशियन, लगेच. रात्री सगळे झोपल्यावर लपून खूप खाणं आणि नंतर रडू येणं, हाही आजार आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतात, आणि वजनाच्या उपचाराआधी लागतात.

सरकारी साखळीत याची सुरुवात आशाताईपासून होते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो प्रश्नांचा फॉर्म ती भरते, त्यात कंबरेचं माप असतं. बायकांत 80 सेंटिमीटरपुढे एक गुण, 90 पुढे दोन; पुरुषांत 90 पुढे एक, 100 पुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. तिथून आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी सोलापूरचं सिव्हिल. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथेच जोडलेलं असल्याने मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, मानसोपचार हे विभाग एकाच आवारात आहेत. करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या माणसाला थेट पुणे-हैदराबाद गाठायची गरज पहिल्या टप्प्यात नसते. कारखान्यात ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जात असेल तर ईएसआयच्या दवाखान्याची चिठ्ठी आधी घ्यावी, नंतर मागितली तर खर्च अडकतो. सरकारी योजनेत काय बसतं ते महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारावं.

चांगली चिठ्ठी कशी दिसते

‘ओबेसिटी. फॉर नीडफुल.’ (लठ्ठपणा, पुढचं बघावं) अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या पेशंटला मोठ्या डॉक्टरांनी काय करावं? तीच गोष्ट नीट लिहिली तर अशी दिसते:

“महिला, 44. उंची 158 सेंमी, वजन 84, बीएमआय 33.6, कंबर 102. बीपी 148/92, मोठ्या पट्ट्याने, दोनदा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 7.8. टीएसएच नॉर्मल. घोरते, दिवसा डुलक्या. मान 41 सेंमी. वजनाचा प्रवास: लग्नात 55, दुसऱ्या बाळंतपणानंतर 68, गेल्या तीन वर्षांत 14 किलो वाढ, त्यात चार महिने गुडघ्यासाठी पुड्या. चालू औषधं: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड 2, टेल्मिसार्टन 40. प्रयत्न: जून ते नोव्हेंबर आहार आणि चालणं, 84 वरून 81, पुन्हा 84. प्रश्न: एक, स्लीप ॲप्निया आहे का? दोन, ग्लिमेपिराइडला पर्याय? तीन, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया योग्य का? दर महिन्याची तपासणी इथे करू, काय बघायचं ते कृपया लिहून द्यावं.”

सात-आठ ओळी, लिहायला पाच मिनिटं. तपासण्या दोनदा होत नाहीत, प्रश्न ठरलेले असतात आणि परतीची वाटही लिहिलेली असते. शेवटच्या त्या ओळीवर सगळं अवलंबून आहे. मागावर ताण्याचा धागा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं तर माग चालूच राहतो, पण कापडात लांबच लांब फट पडत जाते. पेशंट पाठवला आणि परत बोलावला नाही, की तसंच होतं. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परतीची तारीख तिच्यावर लिहून घ्या. मधल्या शंकांसाठी ई-संजीवनीची मोफत ऑनलाइन ओपीडी आहे, दरवेळी प्रवास करायला नको.

“पाठवतात म्हणजे कट असणार”

ही शंका लोक तोंडावर बोलत नाहीत, पण चिठ्ठी खिशात राहण्याचं ते एक मोठं कारण आहे. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. पेशंटच्या हातात एक साधी कसोटी आहे. चिठ्ठीत प्रश्न लिहिलेला आहे का, आणि “दुसरीकडे, माझ्या सोयीच्या ठिकाणी दाखवलं तर चालेल का?” याला डॉक्टर हो म्हणतात का. दोन्ही असेल तर निर्धास्त जा.

इंजेक्शन थेट दुकानातून का घेऊ नये

सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं) आणि टिर्झेपॅटाइड (मौंजारोतलं) ही औषधं आतड्यातल्या, पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या हार्मोनची नक्कल करतात. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के, टिर्झेपॅटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसने 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के वजन उतरलं. आकडे मोठे आहेत, औषध खरं आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, त्यामुळे स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा होतो, आणि चोरट्या विक्रीचाही धोका वाढतो.

ही औषधं प्रिस्क्रिप्शनवरच मिळायला हवीत, त्याची कारणं व्यवहारातली आहेत. सेमाग्लुटाइडचा डोस 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि चार-चार आठवड्यांनी चढवायचा असतो. घाईने चढवला की उलट्या होतात आणि शरीरातलं पाणी कमी होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याने किडनीवर ताण येतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आधीचं तसंच ठेवलं तर शुगर एकदम खाली जाते. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा घरात इतिहास असेल तर हे औषध घ्यायचं नाही. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद करायचं. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, इंजेक्शन थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

साठवणीचंही तसंच. न उघडलेलं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीही नाही. मे महिन्यात दुपारी दुकानातून घरी नेताना आइसपॅकचा डबा न्या. कुरिअरने चार दिवसांनी आलेलं, कुठे ठेवलं होतं ते माहीत नसलेलं इंजेक्शन पैसे वाया घालवण्यासारखं आहे.

आणि हे पैसे किती दिवस? सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश एका वर्षात परत आलं होतं. म्हणून सुरू करण्याआधी घरात बसून हिशोब करा. तीन महिन्यांचे पैसे आहेत म्हणून तीन महिने घेणं याला फारसा अर्थ नाही.

शस्त्रक्रिया: डॉक्टरांचा आकडा वेगळा, विम्याचा वेगळा

पोटाचा मोठा भाग काढून ते बारीक करणं किंवा अन्नाचा मार्ग वळवणं, याला बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी पात्रतेचे आकडे खाली आणले. बीएमआय 35 ला इतर आजार नसले तरी, मधुमेहासारखा आजार असेल तर 30 ला, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून विचार करावा, असं त्यांनी सांगितलं.

आपल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मात्र विमा नियामकाने ठरवलेलं प्रमाणित कलम असतं. वय 18 पूर्ण हवं. बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, किंवा औषधं घेऊनही आटोक्यात न येणारा मधुमेह. 35 च्या या वाटेत साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं.

वरच्या चिठ्ठीतली बाई 33.6 वर आहे. सर्जन म्हणतील पात्र, विमा म्हणेल नाही. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बोलत असतात, आणि मधल्या मध्ये ती बाई चकरा मारते. तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी पूर्वपरवानगी घ्या. 35 च्या पुढे असाल तर ‘साधे उपाय करून पाहिले’ याचा पुरावा म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरांच्या केसपेपरवरची तारखेनिशी लिहिलेली वजनं. ती कोरी जागा इथे येऊन महागात पडते.

परत आल्यावर

शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी त्यानंतरची सगळी वर्षं सोलापुरात काढायची असतात. पहिल्या काही आठवड्यांत नाडी शंभरच्या वर राहत असेल, ताप असेल, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखत असेल, तर आत शिवलेल्या जागेतून गळती असू शकते. ‘ॲसिडिटी’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं नाही, त्याच दिवशी सर्जनना फोन करायचा. सतत उलट्या होत असतील तर सलाईनमध्ये नुसतं ग्लुकोज लावू नये, आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावं, नाहीतर मेंदूला इजा होते. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घ्यायची नाही, अन्नाचा मार्ग वळवून बायपास केलेल्यांनी तर कधीच नाही, कारण जोडावर अल्सर होतो. बायकांनी 12 ते 18 महिने दिवस राहू देऊ नयेत.

प्रथिनं दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतात. दोन अंड्यांत 12-13 ग्रॅम मिळतात, बाकीचं डाळ, पनीर, ताक, चिकन यांतून थोडं थोडं दिवसभर जुळवायचं. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासणी, पुढे दरवर्षी. पहिल्या वर्षी सगळे जातात, वजन उतरत असतं, उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि नव्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं सांगायचं राहून जातं. बी-12 कमी झालंय हे कळायला मग महिने लागतात.

म्हणून एक छोटा कागद लॅमिनेट करून पर्समध्ये, पाकिटात ठेवा. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन, चालू गोळ्या, ‘वेदनाशामक देण्याआधी विचारा’ ही ओळ आणि पुढच्या रक्ततपासणीचा महिना. दुसरी प्रत ज्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली त्या डॉक्टरांकडे, केसपेपरला टाचून.